बॅटरीचं पाणी

५ ऑगस्ट २००७, रविवार

नोकरी लागली, खोली मिळाली आणि रात्रीच्या जेवणात वाळवलेल्या झिंग्यांची भाजी मिळाली. आजचा दिवस फर्स्ट क्लास.

भैयालाल मामानं आमगावहून मोटरसायकलवर आणून सोडलं. चिचगडच्या पुढं डांबर संपलं, मग मुरूम, मग चिखल, मग नाल्यावरचा रपटा. सिमेंटचा बुटका रस्ता, कठडा नाही, पाऊस झाला की पाणी वरूनच जातं. तो ओलांडला की जांभळीटोला, ही छोटी वस्ती. इथं विजेची लाइन आलेली नाही. एका पक्क्या खोलीच्या छतावर सोलरच्या प्लेटा आहेत, आत लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग, आणि तिथून घरोघरी दोन-दोन दिवे. ही सगळी यंत्रणा आता माझी. मामा ठेकेदाराकडं सुपरवायझर आहे, म्हणून चिकटवलं. जाताना म्हणाला, बॅटरी किती भरली किती उरली एवढंच पाहायचं हाय तुले, तेवढं तरी डोकं थंड ठेवून कर. कॉलेजचा टोमणा होता तो. गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात एका पोरानं मी नूतनला लिहिलेली चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली, मी त्याच्या कानाखाली वाजवली. माफीनामा द्या म्हणाले. दिला नाही. संपलं कॉलेज.

जेवण सुखराम काकांच्या घरी ठरलं आहे. ते सायकलवर चिचगडहून बॅटरीचं पाणी आणतात, दोन कॅन कॅरिअरला बांधून. मला बघून म्हणाले, हा काय बॅटरीचा डाक्टर होय, याले मिशी तरी फुटू द्या. त्यांची बायको रुख्मा काकी पदरात हसली. मला राग आला नाही, हे विशेष.

१२ ऑगस्ट, रविवार

काम सोपं आहे. बॅटरीच्या प्रत्येक डब्याचं प्लास्टिक आरपार दिसतं. त्यावर दोन रेघा. पाणी त्या दोन रेघांच्या मधे राहायला पाहिजे. मग काचेच्या पिचकारीत आतलं तेजाब ओढायचं, त्यात एक काटा तरंगतो. काटा वर तर बॅटरी भरलेली, खाली बुडाला तर रिकामी. सकाळी आणि दुपारी तीनला पाहायचं.

हे टोल्याला कळवायची मात्र इथं भारी पद्धत आहे. खोलीबाहेर उंच बांबू आहे, त्यावर गोडेतेलाचे रिकामे डबे दोरीनं चढवायचे. तीन डबे म्हणजे चालू द्या टीव्ही, पंखे. दोन म्हणजे फक्त दिवे. एक म्हणजे घरात एकच दिवा. कोणाला वाचता येवो न येवो, डबे भाताची रोवणी चालते त्या बांधीतूनही दिसतात. आणि डबा बघितल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. इतका विश्वास माझ्यावर माझ्या बापानं ठेवला नव्हता.

लाइट समितीचे चैतरामजी रोज एकच विचारतात, रपट्याचा दिवा लागन ना? टोल्याकडच्या काठावर खांब आहे, त्यावर दिवा. चिचगडहून संध्याकाळी परतणारे तो दिवा नाकासमोर ठेवून चालतात, म्हणजे पाण्याखालचा रपटा दिसला नाही तरी पाय मधोमध पडतो. तोही याच बॅटऱ्यांवर. म्हणून तर पाहात राहायचं, म्हणाले.

पाणी भरायचं काम मी आणि काका मिळून करतो. ते ओततात, मी रेघ बघून थांबा म्हणतो. काका म्हणतात, म्हशीपेक्षा बरं जनावर हाय हे, पाणी पेते न शेण देत नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

आठवडा झाला, ऊन नाही. बांबूवर एकच डबा. बाया पाण्याला जाताना मला ऐकू येईल असं ‘एकडब्या’ म्हणतात. रुख्मा काकीसुद्धा. काल ताट वाढताना म्हणे, बापा, तुह्या हातानं रविवारचा पिच्चर पाह्यलाच नाही आमी, पोरगी रुसली का तुही, म्हणून आमच्यावर काढून रायला काय? मी ताटावरून उठलो. काकांनी हात धरून बसवलं. काकीला म्हणाले, कायले छेडतं वो त्याले. मग मला म्हणाले, रागाचं पाणी रेघेच्या खालीच ठेवत जा.

नूतनला फोन लागतो तो फक्त मागच्या टेकडीवर, महारुखाच्या झाडाखाली. तीनदा चढलो. तिनं उचलला नाही.

२ सप्टेंबर, रविवार, दुपार

काल चांगलं ऊन पडलं. तीन डबे चढवले. टोल्यात एकदम सण. आज पुन्हा ढग, सकाळी काटा बराच खाली होता. तीनला पुन्हा पाहून डबे उतरवायला हवेत. पण नूतनचा मेसेज आला आहे काल टेकडीवर, उद्या चार बजे बात करेंगे. काकी दारातून ओरडली, आज पिच्चर पक्का ना बापा? मी हो म्हणालो. आता पिच्चर सुरू व्हायच्या आधी डबे काढले तर पुन्हा एकडब्या. ऊन निघेल. टेकडीवरून आलो की काढतो.

काका पाणी आणायला निघाले. कॅन रिकाम्या झाल्यात. दिव्याच्या टायमाले येतो म्हणाले.

३ सप्टेंबर, सोमवार

लिहितो आहे कारण कोणाला सांगता येत नाही.

नूतन म्हणाली, आता फोन करू नको. तुझ्या रागाची भीती वाटते. एवढंच. मी झाडाला लाथा घातल्या, मग तिथंच बसून राहिलो. पाच वाजले, सहा वाजले, पाऊस लागला. खाली पाहिलं तर टोला काळा. सगळ्या घरांनी टीव्ही लावले, पंखे लावले, बॅटरी तळाला गेली आणि यंत्र आपोआप बंद पडलं. रपट्याचा दिवाही.

मी धावत खाली आलो. आणि पहिलं काम काय केलं, तर बांबूवरचे दोन डबे उतरवले. रपट्याकडं नाही गेलो. आधी डबे.

सकाळी काका सापडले. नाल्याच्या वळणावर, पळसाच्या झुडपात. सायकल रपट्याच्या कडेला अडकली होती, एक कॅन बांधलेली. दुसरी वाहून गेली.

४ सप्टेंबर

चैतरामजींच्या ओट्यावर सगळे जमले. त्यांनी विचारलं, एक डबा असताना टीव्ही कोणी कोणी लावला. सगळ्यांनी बांबूकडं पाहिलं. एकच डबा. सगळ्यांनीच लावला होता, पण शेजारच्या घरात लागलेला पाहून; त्या दिवशी बांबूवर किती होते हे कोणी छातीठोक सांगेना. पांघरलेल्या लुगड्यातून रुख्मा काकी म्हणाली, मले त तीन दिसले होते. मीच पह्यलं बटण दाबलं, मग बायकाइले बलावलं.

चैतरामजी माझ्याकडं वळले. काऊन गा, किती होते?

मी म्हणालो, एकच.

 काकीनं डोळे पुसले आणि ती पुन्हा बांबूकडं पाहत राहिली.

७ सप्टेंबर

आज बॅटऱ्यांत पाणी घालायला हवं होतं. शिल्लक थेंब नाही. पाहिलं तर सगळे डबे वरच्या रेघेपर्यंत भरलेले.

मामा येऊन गेला असेल. पण मामा गोंदियात आहे.

८ सप्टेंबर

रेघेच्या वर. झाकणं ओली. तेजाब फळ्यांवर सांडून लाकूड काळं पडलं. पिचकारीनं वरचं काढलं तर गढूळ निघालं, तांबूस, नाल्याचं असतं तसं. काटा बुडाला. इतकं पाणी मिसळलं की बॅटरी भरणारच नाही, वर कितीही ऊन पडो. बादलीभर काढलं. कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली.

काकी आपल्या घरी दिवा लावत नाही म्हणे. तार स्वतःच काढून ठेवली. बायांना सांगते, माहे डोयेच खराब झाले. एकाचे तीन दिसले मले, न मी माह्या माणसाले पाण्यात ढकललं.

त्या घरात सुतक आहे, तरी शेजारणीच्या हातानं तिनं मला भात पाठवला. पोरगा उपाशी रायते म्हणून. मी तो झाकून ठेवला. सकाळी कावळ्यांना घातला.

१० सप्टेंबर

पुन्हा भरलेलं. कुलूप जसंच्या तसं. खाली सिमेंटवर ओल्या चाकाची रेघ आहे, दारापासून फळ्यांपर्यंत. जाताना एक, येताना एक. पावलं नाहीत.

कोपऱ्यात कॅन. वाहून गेलेली. मी ओळखतो तिला, मुठीला काकांनी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता.

नेऊन नाल्यात फेकली.

१२ सप्टेंबर

काल पोळा झाला. काकांच्या बैलांना कोणी झूल घातली नाही, गोठ्यात नुसतेच उभे. आज सकाळी पोरांनी मारबतीची बाहुली काढली. सगळा टोला ओरडत सीमेपर्यंत गेला, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. कोणीतरी ओरडलं, एकडब्याले घेऊन जा गे मारबत. हसले सगळे. मीही हसलो. मनात म्हटलं, घेऊन जा.

परत आलो. कॅन फळीपाशी. भरलेली.

आता काटा उठतच नाही. एक डबाही चढवता येत नाही. बांबू रिकामा. घराघरांत रॉकेलचे दिवे आले. जेवढं उरतं तेवढं रपट्याच्या दिव्याला देतो. तो बिडीसारखा लाल दिसतो.

१३ सप्टेंबर

आज दिवसाढवळ्या पाहिलं. स्टूल घेऊन बॅटऱ्यांसमोर बसलो होतो, दार उघडं, उजेड चांगला. पाणी चढायला लागलं. पहिल्या डब्यात, मग दुसऱ्यात. कोणी नाही. फक्त ओतल्याचा आवाज, गुडगुड, आणि प्रत्येक डबा भरला की थोडं थांबणं. काका असेच थांबायचे. मी म्हणेपर्यंत.

मी म्हणालो, थांबा.

म्हणालो, थांबा काका.

नाही थांबलं.

मामाला टेकडीवरून फोन केला. पाणी कुठून येतं सांगता येईना. नुसतं म्हटलं, बॅटऱ्या गेल्या. मामा म्हणाला, गणपतीनंतर येतो, तवर हात नको लावू, आणि रडून काऊन रायला तू?

१४ सप्टेंबर

काकांची तेरावी. ठरवूनच गेलो होतो की सगळ्यांसमोर सांगायचं. पंगत बसली. काकी भिंतीला टेकून होती. जवळ गेलो, खाली बसलो, तोंड उघडलं आणि तोंडात पाणी आलं. भीतीनं येतं तसं, असं वाटलं. पण चव गंजलेल्या लोखंडाची. गिळलं. पुन्हा आलं. काकीच म्हणाली, सांग बापा, खरं सांग, एकच होता ना? म्हंजे मी मनाले समजावतो.

तोंड बंद ठेवून मान हलवली. हो.

ती म्हणाली, बरं झालं. कोणावर आळ नको याले.

१६ सप्टेंबर

नाल्याला पाणी आहे. वर चिचगडकडं पाऊस जोरात चालू आहे.

चैतरामजी आले, खूप बोलले, ऐकून घेतलं. पूर्वी मी त्यांची कॉलर धरली असती. त्यांनी विचारलं, रपट्याचा दिवा. फक्त तेच. मी म्हटलं लावतो.

पाणी काढतो. भरतं. काढतो. हातांची सालं निघाली तेजाबानं.

१७ सप्टेंबर

काकी खोलीवर आली. तेरावीनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली. म्हणाली, त्याचं काम अर्धं रायलं, बॅटरीचं पाणी आणायचं. उद्या मी जातो चिचगडले. बॅटऱ्या उपाशी रायल्या म्हणून दिवे नाही लागून रायले ना? माह्यामुळं गेले, माह्या हातानं येऊ दे.

मी म्हटलं नको. नाल्याला पाणी आहे. ती ऐकेना. कोपऱ्यातली कॅन दिसली तिला. उचलली. मुठीवरच्या ट्यूबवरून बोट फिरवलं. ही इथं कशी, असं तिनं विचारलंच नाही.

सांगायला तोंड उघडलं. छातीवर पाणी सांडलं. खरंच सांडलं. शर्ट तांबूस झाला. काकी म्हणाली, काय झालं गा, तब्येत बरी नाही का, आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

१८ सप्टेंबर

ती गेली. सकाळीच. सायकल हातात धरून, चालवता येत नाही तिला.

दुपार

पाणी रपट्यावर चढलं. कोणाला तरी पाठवा म्हणायला चैतरामजींकडं गेलो — ते देवरीला. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड उघडलं की पाणी — लोक मागं सरकतात.

मी स्वतः गेलो. गुडघाभर गेलो. पुढं पाय टाकता येईना, कोणीतरी छातीशी हात लावून मागं लोटतं, हळूच, पोराला लोटतात तसं. दिव्याजवळ जा, असं.

संध्याकाळ

सगळ्या टोल्याची तार काढली. सगळं दिव्याला. लाल आहे. आहे अजून.

खिडकीतून रपटा दिसतो. पलीकडं कंदील. ती आली.

पाणी चढतं आहे डब्यांत. भराभर. झाकणं उडतात. काका, तिच्यासाठी तरी — ती येते आहे काका, दिवा जाईल —

गेला.

गेला दिवा.

कंदील पाण्यावर. मधोमध. हलतो आहे पण सरळ येतो आहे. नाकासमोर काही नाही तरी सरळ. एका बाजूनं ती सायकल धरून. दुसऱ्या बाजूनं

हँडल कोणीतरी धरलं आहे.

आली. काठावर आली. वाचली. काकी वाचली.

इकडंच येतात.

दारात काकी. लुगडं कमरेपर्यंत ओलं, कंदील हातात. मागं अंधार आणि सायकल. सायकल उभी आहे, तिनं धरलेली नाही. म्हणते, त्यानं आणलं मले. म्हणते, तो रस्ताभर एकच बोलून रायला, पोराले इचार, पोराले इचार. सांग बापा. किती होते?

तोंड — पाणी — घशातून वर, श्वास नाही — लिहून दाखवू तर तिला वाचता

डावा हात वर केला. बोटं. तीन.

तिनं कंदील जवळ आणला. बोटं एकेक धरून मोजली. रडली नाही. म्हणाली, म्हंजे माहे डोये बरे हायेत.

मग मागं वळून म्हणाली, आईकलं का वो.

कॅन खाली ठेवल्याचा आवाज. ती बाजूला झाली, दार मोकळं करून दिलं तिनं, आणि तो आत